अण्णांची स्वाहिली

अण्णा एका माफीसाठी स्वाहिली शिकले. एकोणऐंशीव्या वर्षी.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ताईने बराकाशी लग्न केलं, तेव्हा अण्णा गेले नाहीत. बराका टांझानियाचा, इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला. त्याची आई लग्नासाठी बनारसला आली होती. आदल्या दिवशी दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या दारात येऊन उभी राहिली.

अण्णांनी दार उघडलं नाही.

मी आतच होतो. मीही उघडलं नाही.

सात वर्षांनी एका सकाळी ताईचा फोन आला, तर अण्णांनी तो माझ्याकडून मागून घेतला.

"विहीणबाईंशी बोलायचंय."

"त्यांना फक्त स्वाहिली येते, अण्णा. तुम्ही मराठीत बोला, मी सांगते त्यांना."

"माफी दुभाष्याकरवी मागत नाहीत."

जन्मभर पाठशाळेत संस्कृत शिकवलेलं. भाषा शिकायची एकच रीत ठाऊक. रूपं म्हणायची, मोठ्याने. रोज अंघोळीनंतर, शिंदे घाटावर.

म्तू, वातू. माणूस, माणसं.
म्ती, मिती. झाड, झाडं.
किताबू, विताबू. पुस्तक, पुस्तकं.

एक मल्लाह नाव बांधता बांधता विचारायचा, "गुरुजी, ई कवन मंतर हौ?"

"अफ्रीका का."

"गंगाजी समझिहैं?"

"पहले मैं तो समझ लूँ."

जेवताना मला सांगायचे. "यांच्यात स्त्रीलिंग-पुल्लिंग नाहीच रे. नामांचे गट आहेत. माणसांचा एक, झाडांचा एक. नामाच्या गटाची खूण विशेषणाला लागते, क्रियापदालाही. विताबू विझुरी विमेआंगुका. चांगली पुस्तकं पडली. ऐक. वि, वि, वि. सगळं वाक्य एका सुरात."

घास हातात तसाच.

"आणि किताब मूळचा अरबांचा. यांनी 'कि' पाहून तो आपल्याच गटात घेतला. परका ठेवलाच नाही."



आठ महिन्यांनी व्हिडिओ कॉल. अण्णांनी उपरणं घेतलं. पडद्यावर विहीणबाई. अण्णांनी हात जोडले, आणि सगळं विसरले.

ताई मदतीला बोलू लागली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. डोळे मिटले आणि चक्क रूपं म्हणू लागले.

"म्तू, वातू. म्ती, मिती."

मी मान खाली घातली.

विहीणबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. अण्णा "किताबू" म्हणून अडले, तेव्हा तिकडून आवाज आला. "विताबू."

"म्तोतो," अण्णा म्हणाले. मूल.

"वातोतो," त्या म्हणाल्या. मुलं.

कितीतरी वेळ असंच. पाठशाळेत चालतं तसं. फक्त या वेळी शिष्य अण्णा होते.

शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, "निसामेहे."

मला क्षमा करा. एवढं सगळं एका शब्दात मावतं.

त्या भरभर काहीतरी बोलल्या. अण्णांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी ताईकडे पाहिलं.

"म्हणतात, पुढच्या वेळी दार उघडा."

आज वर्षश्राद्धाला विहीणबाई आल्या. बराका आणि ताईबरोबर. सकाळी कडी वाजली.

दार मी उघडलं. "करीबू," म्हणालो. या.

मला तेवढंच येतं.

अण्णा, नमस्कार करतो.