परिशिष्टातलं पाचवं नाव

"मॅडम, कागदावर तुम्ही सेक्रेटरी नाहीच," वकील म्हणाले. "कागदावर तुमच्या मंडळाचे पाच विश्वस्त आहेत. त्यातले चार वारलेत."

सांगलीतल्या त्यांच्या ऑफिसात मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. टेबलावर धर्मादाय कार्यालयाची नोटीस होती. मंडळाची नोंदणी रद्द का करू नये, याचा खुलासा तीस दिवसांत करा. त्यातले सहा दिवस नोटीस मंडळाच्या पत्त्यावरच्या शाळेच्या कपाटात पडून राहण्यात गेले होते.

"पण मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. परीक्षेच्या सर्टिफिकेटवर माझी सही असते."

"तेच म्हणतोय मी," वकील म्हणाले. "ती कोणत्या अधिकारात असते?"

मी रहिमतपूरच्या अनुदानित शाळेत गणित शिकवते. उद्या कुणी तक्रार केली, पोलिसांत गेलं, तर शाळेची संस्था मला आधी निलंबित करणार आणि मग विचारणार. मिस्टर आर्मीत, पोस्टिंग लांब. फोनवर ते "टेन्शन घेऊ नको" म्हणाले आणि रेंज गेली.

आमचं मंडळ म्हणजे सातारा-सांगलीकडच्या गणित शिक्षकांनी चालवलेली संस्था. पगारी माणूस एकही नाही. गणिताच्या अभ्यासक्रमात पहिल्यांदा संच, म्हणजे सेट्स, आले, तेव्हा तो भाग शिक्षकांनाच येत नव्हता. पाच जण रविवारी माधवनगरच्या एका शाळेत जमून एकमेकांना शिकवू लागले. त्यातून मंडळ झालं. पुढे मुलांच्या परीक्षा, शिक्षकांची शिबिरं, प्रश्नपेढी. दर तीन वर्षांनी नवे पदाधिकारी निवडले जायचे आणि त्याची नोंद प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, व्हायची.

फक्त वहीतच. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो मंजूर झाला की तिथल्या 'परिशिष्ट एक' नावाच्या यादीत नावं बदलतात. आम्ही तो कधी दिलाच नव्हता. प्रत्येक सेक्रेटरीला वाटलं, आधीच्याने दिला असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

"पाचवे हयात आहेत ना?" वकिलांनी विचारलं. "त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा. त्यांनी सांगितलं पाहिजे की मंडळ चालू आहे आणि हे बदल खरे आहेत. दुसरं कुणी ते सांगू शकत नाही."

पाचवे म्हणजे सूर्यवंशी सर. तासगावचे. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आमचे अध्यक्ष कदम सर, माधवनगरचे रिटायर्ड हेडमास्तर, त्यांना मी फोन केला.

"त्यांच्याकडे जाऊन उपयोग नाही," कदम सर म्हणाले.

"का?"

"चाळीस वर्षं झाली त्यांनी मंडळ सोडून. वेगळा काहीतरी मार्ग काढा."

वेगळा मार्ग नव्हता. रविवारी मी तासगावची एसटी धरली.

घर गावाबाहेर, बेदाण्याच्या शेडजवळ. दारात सरांची सून उभी होती. हातातल्या फाईलकडे बघूनच तिचा चेहरा बदलला.

"कशाची सही म्हनं?"

"मंडळाची. गणित शिक्षकांच्या."

"आवं, आमचं सासरं शहाऐंशी वर्साचं हायती. मागं एकजण असाच कागद घेऊन आलता, तवापास्नं सातबाराचं लफडं चालू हाय. सही-बिही न्हाई मिळायची."

आतून आवाज आला, "कोण हाय गं? आत येऊ दे की."

सर कॉटवर बसले होते. अंगानं काडी, नजर मात्र स्वच्छ. मी सगळं सांगितलं. नोटीस दाखवली. त्यांनी नोटीस दोनदा वाचली.

"प्रोसिडिंग बुक हाय का अजून?"

"आहे."

"मग माझी शेवटची सभा वाचा. ते नीट करा. मग सहीचं बघू."

"सर, मुदत फार कमी आहे. सही आधी दिलीत तर..."

"बाई, मी चाळीस वर्सं थांबलोय," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

परतीच्या एसटीत मी तेच घोळवत होते. त्या सभेत काय लिहिलं असेल? पैशाची अफरातफर? कुणाची बदनामी? काय दुरुस्त करायला लागणार होतं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही उघडली. नोंद चार ओळींची होती. मंडळाच्या परीक्षेत सूर्यवंशी सरांनी काढलेला एक प्रश्न 'सभेने बहुमताने चुकीचा ठरवून रद्द केला'. त्यानंतर, 'श्री. सूर्यवंशी सभा सोडून गेले.' बस्स.

पानाला प्रश्न आणि सरांचं उत्तर असलेला कागद टाचला होता. प्रश्न असा होता. वर्तुळाच्या कडेवर दोन बिंदू घेऊन जोडले की वर्तुळाचे दोन भाग होतात. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी जोडला की चार. चार बिंदूंना आठ. पाचांना सोळा. तर सहा बिंदूंना जास्तीत जास्त किती?

कुणीही बत्तीस म्हणेल. मीही मनात तेच म्हटलं. सरांचं उत्तर होतं एकतीस.

मी स्टाफरूममध्ये आकृती काढली आणि भाग मोजले. तीस आले. पुन्हा काढली. मग लक्षात आलं, बिंदू सारख्या अंतरावर घेतले की मधल्या तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतात आणि एक भाग कमी होतो. बिंदू जरा सरकवले, भागांवर आकडे टाकत मोजलं. एकतीस. तीनदा मोजलं. एकतीसच.

म्हणजे सर बरोबर होते. त्या पानाखाली सह्या असलेल्या पन्नास गणित शिक्षकांनी हात वर करून एका बरोबर उत्तराला चूक ठरवलं होतं. आणि ते आता लेखी मान्य करायचं होतं, त्या सभेच्या अध्यक्षांचा फोटो ज्या खोलीत लावलाय त्याच खोलीत.

वही घेऊन मी कदम सरांच्या घरी गेले. त्यांनी पान बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मी होतो त्या सभेला," ते म्हणाले. "सगळ्यांत लहान."

"मग तुम्हाला माहीत होतं?"

"अध्यक्षांनी फळ्यावर सारख्या अंतरावर बिंदू काढले, तीस आले. बाकीचे बत्तीस म्हणत होते. मी वहीच्या कडेला मोजलं, एकतीस आले."

"आणि?"

"आणि हात वर केला. सगळ्यांबरोबर." त्यांनी वही मिटली. "मी त्या अध्यक्षांच्याच शाळेत होतो, मॅडम. परमनंट व्हायचं होतं. भीती वाटली."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. गेले आठ दिवस मीही घाबरण्यापलीकडे दुसरं काही करत नव्हते.

सभेची तारीख ठरली. तेव्हा मुदतीला नऊ दिवस उरणार होते. सभेच्या सकाळी तासगावहून सुनेचा फोन आला.

"मामास्नी मिरजंला दवाखान्यात आनलंय. छातीत दुखाय लागलं."

"कसे आहेत?"

"आयसीयूत हायती."

माझ्या मनात पहिला विचार सहीचा आला. माणसाचा नंतर. याची लाज मला अजून वाटते. मी तिला विचारलं काही मदत हवी का, आणि विचारताना मला माझाच आवाज खोटा वाटला.

सभा रद्द करावी असं दोघं-तिघं म्हणाले. "आता कशाला उकरून काढायचं? गेलेल्या अध्यक्षांचा अपमान होईल." मी बोलायला उभी राहिले. ठराव पडला तर सगळंच संपणार होतं. तेवढ्यात कदम सर उठले आणि फळ्याकडे गेले. वर्तुळ वाकडं आलं. सहा बिंदू घेतले, रेषा ओढल्या आणि मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. विसाच्या पुढे मागच्या बाकावरचे शिक्षकही त्यांच्याबरोबर मोजू लागले. एकतीसला थांबले.

"त्या दिवशी मी हे मोजलं होतं आणि गप्प बसलो," कदम सर म्हणाले. "ही चूक माझीही आहे. तसं लिहा."

मी तसं लिहिलं. मतदान घेतलं नाही. 'प्रश्न व उत्तर बरोबर होते' एवढीच नोंद केली आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या.

चौथ्या दिवशी सरांना जनरल वॉर्डात हलवलं. भेटायला मी आणि कदम सर गेलो. फाईल मी मुद्दाम बसस्टँडवरच्या ओळखीच्या दुकानात ठेवली होती. आत गेल्यावर सरांनी आधी कदम सरांकडे बराच वेळ पाहिलं.

"मोजलं का रं?"

"मोजलं, सर."

"किती?"

"एकतीस."

"फळ्यावर कुणी काढलं?"

"मीच."

त्यांनी सुनेला उशी नीट करायला सांगितली. मग माझ्याकडे वळले. "घरी सोडलं की वकिलाला घेऊन या. हितं सही केली तर उद्या म्हनतील, म्हाताऱ्याला शुद्ध नव्हती."

मुदतीच्या आदल्या दिवशी प्रतिज्ञापत्र झालं. सही करताना सरांनी सगळी पानं वाचली, एक स्पेलिंग दुरुस्त केलं.

सुनावणीला ते स्वतः आले, सुनेचा हात धरून. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही मंडळ सोडलं होतं, मग आज विश्वस्त म्हणून कसे बोलताय?"

याचं उत्तर आम्ही तयारच केलं नव्हतं.

"सभा सोडली, साहेब," सर म्हणाले. "राजीनामा दिला न्हवता. कुणी मागितलाच न्हाई."

अधिकाऱ्यांनी परिशिष्टातलं नाव बघितलं, प्रतिज्ञापत्र बघितलं आणि नोटीस मागे घेतली. उशिराचे सगळे चेंज रिपोर्ट विलंबमाफीच्या अर्जासह द्यायला सांगितले. ते मंजूर व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर सर्टिफिकेटवर सूर्यवंशी सरांची सही होती.

वकील बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यांनी त्या दिवशी रागात राजीनामा फेकला असता ना मॅडम, तर आज तुमचं मंडळ नसतं."

आता मंडळात पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट जातो. त्याची पोचपावती मी स्वतः जाऊन आणते. पोस्टावर विश्वास नाही असं नाही. भीती अजून गेलेली नाही, एवढंच.