चकचकीत वाट्या

भिलाईच्या सेक्टर सहाच्या बाजारात आम्ही मूगडाळीच्या भज्यांच्या, म्हणजे मुंगोड्यांच्या, हातगाडीपुढे रांगेत उभे होतो, तेव्हा ती स्कूटरवरून उतरली. अन्नतपासणीची अधिकारी होती; नाव मी विचारलं नाही. तिनं गाडीवरच्या काकूंकडून एक चकचकीत कागदी वाटी घेतली, आत तेलाचा थेंब टाकला आणि वाटी उजेडात हळूहळू फिरवत राहिली. थेंब कागदात न जिरता इकडून तिकडे घरंगळत होता. तिला त्याची मजाच वाटत होती.

"कागद तेल पीत नाही, म्हणजे यावर कशाचा तरी थर हाय," ती म्हणाली. "कशाचा, ते बनवणाऱ्यानं पाकिटावर लिहिलंच नाही. गरम मुंगोडीसंगं तो पोटात जात असंल तर? मी नमुना तपासाले पाठवते. तोवर या वाट्या वापरू नका."

काकूंचा चेहरा उतरला. "ऐन गर्दीत गाडी बंद करू काय, मॅडम?"

"बंद कावून? मुंगोडीनं काय केलं?"

वाट्यांचं पाकीट सील करून तिनं पिशवीत टाकलं, स्कूटर वळवली आणि थोड्याच वेळात पळसाच्या पानांच्या द्रोणांचा गठ्ठा घेऊन परतली. तोवर रांगेतलं कोणीच हललं नव्हतं. गठ्ठा काकूंच्या हाती देऊन ती मुकाट्यानं रांगेच्या शेवटी, माझ्या मागे उभी राहिली.

"तुम्ही पुढं या ना," मी म्हटलं.

"राहू द्या. सरकारी काम झालं. आता मले फक्त भूक लागली."

गरम मुंगोडीनं तिची बोटं भाजली. फुंकर मारत, हसत तिनं सगळ्या मुंगोड्या संपवल्या आणि रिकामा द्रोण पुन्हा काकूंपुढे धरला. मनाई करायला आलेलं माणूस इतकं मनापासून खाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. काकूंनी द्रोण शिगोशीग भरला.