वीतभर माया

लिही, टाचणी. हो, असंच लिही. तिचं खरं नाव लिहिलंस तर वाचून ती स्वतःच विचारेल, ही कोण बाई आणखी.

टाचणी म्हणजे तुझी मावशीआजी, माझी पाठची बहीण. अंगानं काडी आणि तोंडात कायम टाचण्या. शिवणारी माणसं टाचण्या गादीला टोचून ठेवतात, ही ओठांत धरायची. मी म्हणायचे, अगं एखादी गिळशील. त्यावर ती म्हणायची, "हूं." तोंडात टाचण्या असल्या की तिला तेवढंच बोलता यायचं. पटलं तरी हूं, राग आला तरी हूं, कोणी मेलं तरी हूं. घरच्यांना सवयीनं कळायचं कुठला हूं आहे ते. बाहेरच्यांना कसं कळावं? सगळा घोळ तिथंच झाला.

आधी ती उशांच्या कारखान्यात होती. अभ्रे शिवायची. सरळ शिलाई, वळव, सरळ शिलाई, वळव. मला म्हणायची, ताई, मी मेले ना, तरी हे हात आपले अभ्रा शिवत बसतील. लग्नाचं विचारू नकोस, ते जमलं नाही, म्हणजे तिनं जमू दिलं नाही. मग कोणाच्या तरी ओळखीनं तिला टीव्हीच्या मालिकेत कपडे शिवायचं काम मिळालं आणि बाई एकदम फुललीच. खोली बघशील तर सुतारांच्या शेडमागची बोळकांडी. दोन मशिनं, एक लांब टेबल, कोपऱ्यात एक बिनडोक्याचा पुतळा, त्याच्या मानेवर ही चहाचा कप ठेवायची. पण तिथं तिला राजाचा झगा शिवायला मिळायचा, चोराचा मुखवटा शिवायला मिळायचा. अस्वलाला शेपूट किती लांब असतं यावर एकदा ती जेवताना माझ्याशी भांडली. पोट भरल्यावरही भांडली. इतकी खूश होती.

काम जास्त असलं की मला बोलवायची. तुरपाई कर म्हणायची, बटणं लाव म्हणायची. म्हणून हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, ऐकीव नाही.

मालिका होती एका महावीराची. त्याचं नाव झंझावात. पाठीला चादर बांधलेली, अंगात वाऱ्याची शक्ती. पण करायचा काय, तर गच्चीच्या कठड्यावर उभा राहून उसासे टाकायचा. शहरावर संकट आलं की आधी त्याला त्याचं बालपण आठवायचं. ते आठवून होईपर्यंत चोर घरी जाऊन जेवून झोपलेले असायचे. मीही झोपायचे. बहिणीनं शिवलेली चादर दिसली की डोळे मिटायचे.

त्या मालिकेचा लेखक खरं तर मोठा गमत्या माणूस. त्याच्या डोक्यात एक बोलणारी किटली होती, रुसून उडून जाणारी छत्री होती. शिवणखोलीत येऊन आम्हाला सांगायचा आणि आम्ही हसून हसून टाके चुकवायचो. पण चॅनेलवाल्यांचं म्हणणं, महावीर म्हणजे गंभीरच पाहिजे. मग किटली राहिली बिचारी त्याच्या डोक्यातच उकळत.

आणि मालिका बघायला कुत्रं राहिलं नाही. एक दिवस बातमी आली की चॅनेलची मोठी बाई स्वतः शूटिंग बघायला येणार. तिला आवडलं तर मालिका राहील, नाही तर त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा. सगळे घाबरले. टाचणी तर जास्तच, कारण तिला ठाऊक होतं आपण कुठं परत जाणार. सरळ शिलाई, वळव.

मग डायरेक्टर शिवणखोलीत आला. कालचं पोर ते, पण सगळे साहेब म्हणायचे. म्हणाला, "मावशी, झंझावातचा नवीन पोशाख करा. आणि त्यात माया पाहिजे. भरपूर माया. हात आखडू नका."

टाचणीच्या तोंडात टाचण्या. ती म्हणाली, "हूं."

तो गेला. तिनं टाचण्या काढून हातात घेतल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाली की ताई, हा पोरगा वाटतो तसा नाही, याला शिवणातलं कळतं.

आता तुला शिवणातलं ठाऊक नाही म्हणून सांगते. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं, माणूस सुटलं, की शिवण उसवायची आणि ती माया बाहेर काढायची, कपडा मोठा होतो. साधारण अंगठ्याएवढी सोडतात. टाचणीनं सोडली वीतभर. बाह्यांना वीतभर, कुशीला वीतभर, विजारीलासुद्धा. सगळी आत दुमडून वरून कच्चा दोरा घातला, म्हणजे साहेबांना हवी तेव्हा पटकन मोकळी करता येईल. मी म्हटलं, अगं तो हिरो काय वाढत्या अंगाचा आहे? तर मलाच म्हणाली, तू आपली तुरपाई कर, साहेबांनी भरपूर सांगितलंय.

पोशाख झाला. बाहेरून करडा, साधा, पोस्टमनला दिला तर त्यानं घालून टपाल वाटलं असतं.

शूटिंगच्या दिवशी डायरेक्टरनं तो बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. "मावशी, यात माया कुठंय?"

टाचणीनं मोठ्या झोकात पोशाख उलटा केला आणि म्हणाली, "ही काय. वीतभर. सगळीकडं."

त्यानं वाकून ती दुमड चाचपली. मग हळूहळू दोघांनाही कळलं. त्याला पाहिजे होती जादूची माया. चकाकी, झगमग, डोळे दिपले पाहिजेत अशी. आणि हिनं सोडली होती शिवणाची. लेखक मागं उभा होता, त्यानं हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला. डायरेक्टर ओरडला नाही गं, ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "मावशी, उद्यापासून नका येऊ. तसंही उद्या काही असेल असं वाटत नाही." मोठी बाई समोर खुर्चीत येऊन बसली होती, चहा घेत होती, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. दुसरा पोशाख आणायला वेळ कुठला. तोच घातला हिरोला.

टाचणीनं पिशवी उचलली. आपली कात्री तिच्यात टाकली, टेप टाकला, टाचण्या मात्र पुन्हा ओठांत धरल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच बघितलं.

हिरो पुठ्ठ्याच्या गच्चीवर चढला. त्याच्या कमरेला दोर, तो वर ओढायला दोन दांडगे दोरवाले. खाली वादळासाठी पंखा, बैलाएवढा. हिरोनं एकटेपणावरचं भाषण सुरू करायला छाती भरून श्वास घेतला आणि कुठं तरी टर्रकन आवाज झाला.

एक टाका गेला म्हटल्यावर कच्चा दोरा काय थांबतोय. कुशीची माया सुटली, बाह्यांची सुटली, विजारीची सुटली आणि त्या सगळ्यात पंख्याचा वारा शिरला. हिरो फुगला. म्हणजे कसा, आधी लाडू, मग माठ, मग पाण्याची टाकी. दोरवाले घाबरले आणि त्यांनी घाबरून दोर ओढला. चालला हिरो वर, गोल गोल फिरत. आणि तो इतका कामाला पक्का माणूस की तोंडानं भाषण चालूच. "या विशाल नगरीत," फिरला, "मी एकटा," पुन्हा फिरला, "अगदी एकटा." त्याच्या पोटाच्या धक्क्यानं विशाल नगरीतल्या इमारती एकेक करून आडव्या झाल्या. खलनायक त्याला थांबवायला धावला, तर त्याचा पाय धरून तोही वर. खलनायकाला हसू फुटलं. राक्षसाच्या मेकअपमध्ये खी खी खी.

डायरेक्टर ओरडतोय थांबवा थांबवा, पण पंख्याच्या आवाजात ऐकतंय कोण. आणि मला दिसलं की आमची टाचणी पळतेय. सवयच ना, उसवलं दिसलं की हात शिवशिवतात. गेली टाचायला. पकडली त्याची चादर, आणि काडीपैलवान ती, तीही लटकली. वर हिरो, पायाला राक्षस, चादरीला माझी बहीण, तिघं पाळण्यासारखे फिरतायत. हिरोनं भाषण थांबवून अगदी अदबीनं विचारलं, "मावशी, मला खाली घेता का?"

आणि तिनं तोंडातल्या टाचण्यांतून सांगितलं, "हूं."

मोठ्या बाईच्या नाकातून चहा आला. खुर्ची मागं गेली, बाई खुर्चीसकट आडवी झाली आणि जमिनीवर पडल्या पडल्या हसत राहिली. दोन माणसांनी उठवलं तरी हसतच होती. पंखा बंद केला, तिघंजण कापडाच्या ढिगात खाली आले. बाईनं डोळे पुसले आणि विचारलं, ही कल्पना कोणाची.

डायरेक्टरनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा म्हणणार माझी. पण त्यानं टाचणीकडं बघितलं. तिचे केस उडालेले, चप्पल एक राक्षसाच्या हातात.

"आमच्या मावशींची," तो म्हणाला. "त्यांनी माया सोडली होती."

बाई म्हणाली, "हा माणूस दर आठवड्याला फुगला पाहिजे."

झालं. लेखकाची किटली त्याच आठवड्यात बोलायला लागली आणि मग गप्प काही बसली नाही. छत्री रुसून उडाली. खलनायक गावातल्या सगळ्यांची डाव्या पायाची चप्पल चोरायला लागला, कारण त्या दिवशी टाचणीची चप्पल हातात आली ते त्याला फार आवडलं होतं. झंझावात मंत्र म्हणून फुगायचा, कधी नुसता डावा हात फुगायचा, एकदा शिंकला आणि चोर थेट शेजारच्या मालिकेत जाऊन पडला. रस्त्यावरची पोरं सदऱ्यात उशा कोंबून हिंडायची. घराघरांत उशा मिळेनात, तुझ्या आईनं माझी पळवली होती. उशांचा कारखाना जोरात चालला, टाचणीला परत बोलावणं आलं. तिनं काय सांगितलं असेल, तूच सांग. तिच्याशिवाय हिरोचा एकही पोशाख धड फुगत नव्हता, ती कुठली जातेय. तिथंच म्हातारी झाली.

डायरेक्टरला मात्र सगळ्यांनी शेवटपर्यंत छळलं. त्यानं माया म्हटलं रे म्हटलं की सुतारापासून चहावाल्यापर्यंत सगळे विचारायचे, "कुठली, साहेब?" आणि तो टाचणीकडं बोट दाखवून म्हणायचा, "त्यांची."

तुझा तो निळा फ्रॉक तिनंच शिवलेला. दर वर्षी उसवतो आणि दर वर्षी तुला येतो. अजून संपलेली नाही आतली. जा, तिला फोन लाव आणि हे वाचून दाखव. आवडलं का ते विचारू नकोस, तुला कळायचं नाही. मला ऐकव, मी सांगते कुठला हूं आहे ते.