सातपूरचा दुसरा सर्व्हर

आमच्या कंपनीचे दोन कारखाने होते, एक अंबडला आणि एक सातपूरला. मी सातपूरच्या कॉम्प्युटर विभागात होते. तिथे आम्ही दोघंच, मी आणि माझे वरिष्ठ. त्यांना मी सर म्हणायचे.

ईमेलचा सर्व्हर अंबडला होता. लोडशेडिंगच्या दिवसांत तो सारखा बंद पडायचा आणि बोलणी सरांना खावी लागायची. शेवटी कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या मागे लागून त्यांनी सातपूरला दुसरा सर्व्हर बसवून घेतला. एरवी दोघांनी मेलचा भार वाटून घ्यायचा, आणि एक पडला तर दुसऱ्याने सगळा उचलायचा. कित्येक रविवार आम्ही त्याच्या चाचण्या घेण्यात घालवले.

एका दुपारी अंबडहून फोन आला. वीज गेली होती, यूपीएसही बंद पडला होता. सर स्क्रीनकडे धावले. अंबडचे सगळे मेल आमच्याकडे वळले होते, एकही अडकला नव्हता.

"बघितलंस? कुणाला कळलंसुद्धा नाही!" सर म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चहा येईपर्यंत मुख्य कचेरीतून सगळ्या सुपरवायझरांना एक मेल आला. आम्हालाही आला. सातपूरचा कारखाना बंद होणार होता. काही मोजकी माणसं अंबडला जाणार होती. खाली दिलेल्या त्यांच्या यादीत मी होते, सर नव्हते.

सरांनी मेल दोनदा वाचला. मग सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडून तो सगळ्यांना पोहोचला का ते तपासलं. "पोहोचला," एवढंच म्हणाले.

सुपरवायझरांनी मेल छापून गेटवर लावला. दुसऱ्या पाळीची माणसं तिथेच थबकली. सरांच्या ओळखीचा एक फिटर आत आला.

"साहेब, तुमच्याच मशीनवर आलं ना हे? मग धाडून द्या की माघारी."

"आलेलं माघारी जात नाही रे," सर म्हणाले.

"मग थांबवायचं तरी होतं."

 

शेवटच्या दिवशी सर्व्हर त्यांनी स्वतःच बंद केला. आतला पंखा थांबेपर्यंत त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. सर्व्हर न्यायला आलेला टेम्पोवाला दारात घाई करत होता.

पुढे सर कामासाठी पुण्याच्या फेऱ्या मारत राहिले. पन्नाशीच्या माणसाला कोणी घेईना. सुरुवातीला मी फोन केला की ते अंबडची चौकशी करायचे. मग त्यांनी माझे फोन उचलणं बंद केलं.