डोळा मारणारा बैल

आधी काकूंबद्दल सांगते, कारण त्या नसत्या तर सांगायला काहीच नसतं. आर्वीत ज्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहते, त्या या काकू. वांगी-मेथी पिकवतात, बाजारात स्वतः बसून विकतात. माझा हात माझा आहे, हे मला त्यांनी दाखवलं.

मी कोकणातली. आठवीत शाळा सुटली, रंगांचा नाद सुटला नाही. फिरत फिरत इथल्या एका मिस्त्रींकडे कामाला लागले. तान्ह्या पोळ्याला पोरं जे लाकडी बैल ओढत नेतात, ते मिस्त्री घडवतात, मी रंगवते. फळीवर त्यांचा जुना नमुना असायचा. तसेच डोळे, तशीच शिंगं काढायची. वेगळी रेघ ओढली आणि काम गेलं तर? या धास्तीनं मी नमुन्यावरून नजर हलवत नसे.

एकदा काकू नातवासाठी बैल घ्यायला आल्या. रांगेकडे बघून म्हणाल्या, "काऊन वं, हे सारे एकाच मायचे हायेत का? मले माया गोठ्यातल्यासारखा पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वेसण धरून बैल माझ्यासमोर उभा केला. "पाह्य आता निवांत."

माशी बसली की त्याची एक पापणी अर्धी मिटायची. डोळ्याखालचा काळा रंग, काजळ फिसकटावं तसा गालावर उतरलेला. दुकानात जाऊन मी तसंच रंगवलं.

मिस्त्रींनी पाहिलं. "हा झोपला का वं?"

मी टर्पेंटाइनचा बोळा उचलला. "पुसते लगेच."

"पुसून तर पाह्य!" न्यायला आलेल्या काकूंनी ओला बैलच काखेत मारला. साडीला रंग लागला, तरी हसत निघून गेल्या.

तान्ह्या पोळ्याला मी गर्दीत मागे उभी होते. बैलांची रांग लागली आणि लांबूनच मला माझा ओळखू आला. नातू ओरडत होता, "माया बैल डोया मारते!" पोरांचा नुसता गराडा.

मिस्त्री म्हणाले, "आता साऱ्याइले डोया मारायले लाव."

"नाही," मी म्हटलं, "ज्याच्या घरचा जसा, तसा." बोलून गेले आणि मीच दचकले. मिस्त्री मात्र हसले.

आता मी गोठ्यागोठ्यांतून हिंडते. प्रत्येक बैल वेगळा, पण डोळ्याखाली मी ठेवलेली ओघळत्या काजळाची रेघ बघून लोक म्हणतात, हा तिचाच.

माणसाचा चेहरा काढायला अजून धजत नाही. पण काकू, ज्या दिवशी जमेल त्या दिवशी पहिला चेहरा तुमचा. मेथीच्या जुड्यांमागे बसून गिऱ्हाइकाला टोमणा मारतानाचा, तुमच्या ओसरीवर, चांगला मोठा. भिंत तेवढी रिकामी ठेवा.