पावडर मारायची राहिली

त्या काळी आमच्या कुरुंद्याच्या गल्लीत एकच फ्रीज होता आणि दुर्दैवानं तो आमच्या घरी होता.

वसमतच्या एका डॉक्टरांची बदली झाली. सामानाच्या ट्रकात तो अजस्र फ्रीज मावेना, म्हणून जाता जाता त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. (मी शाळेत शास्त्र शिकवायचो. शास्त्राच्या मास्तरानं फ्रीजला नाही म्हणायचं कसं?) तेव्हापासून माझ्या जिवाला विसावा नव्हता. मी दात घासत असलो तरी दारात कोणीतरी उभं असायचंच.

"गुरुजी, बरफ हाय का?"

"गुरुजी, म्हशीचं इंजेक्शन ठेवायचं व्हतं."

"गुरुजी, काही नको. जरा आत तोंड घालून उभा ऱ्हातो."

अख्ख्या उन्हाळ्यात अर्धं गाव माझ्या फ्रीजमध्ये तोंड घालून गेलं! त्या उघडझापीत दाराच्या कडेचं रबर फाटलं आणि दार लागेनासं झालं. माझी बायको विमल हिनं जुन्या लुगड्याचा काठ काढून ते बांधून टाकलं. डोकं दुखतंय म्हणून फडकं बांधून बसलेल्या म्हातारीसारखा फ्रीज दिसायला लागला. आत दूध नासायचं. नवं रबर हवं म्हणून मी नांदेडच्या दुकानदाराला पत्र टाकलं. उत्तर आलं, "असला फ्रीज आमच्या वडिलांनी पाहिला होता."

मी सुटलो असं मला वाटलं. पण शेजारच्या मुनीरचाचांच्या नसीमचं लग्न ठरलं.

चाचांचं कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान. नसीम त्यांची एकुलती एक लेक. नवरदेवाचा सेहरा मुलीकडून द्यायचा ठरला होता. सेहरा म्हणजे कपाळापासून गुडघ्यापर्यंत लोंबणारा मोगऱ्या-गुलाबाचा पडदा. तो नांदेडहून आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं आला. महिना मे! मुलाच्या आईनं आधीच बजावून ठेवलं होतं, "देणं-घेणं काही नको, पण फुलं ताजी हवीत." सुकला सेहरा डोक्यावर चढला असता तर त्या बाईनं नसीमला म्हातारपणापर्यंत त्याचे टोमणे दिले असते.

चाचा टोपली घेऊन आले. "गुरुजी, माझी इज्जत तुमच्या फ्रीजमधी ठेवून राहिलो."

मी फ्रीजकडे पाहिलं. माझी इज्जत त्यात आधीच नासली होती.

"चाचा, बेफिकीर राहा," मी म्हणालो. (हे वाक्य मी आयुष्यात चारदा उच्चारलं आहे आणि चारही वेळा लोकांची फिकीर तिथूनच सुरू झाली आहे.) "फक्त ट्रॅक्टरची एखादी जुनी ट्यूब आणि सोल्यूशनचा डबा द्या."

"काहून?"

"फ्रीजला नवं रबर बसवतो."

"मी येऊ का?"

"तुमच्या घरी लग्न आहे! मी रोज तुमच्या दुकानासमोरून जातो, पंक्चर कसं काढतात ते मला पाठ आहे."

मी ट्यूब कात्रीनं कापली. तिच्या चार लांब पट्ट्या काढल्या. दाराच्या कडा कानशीनं घासल्या, अगदी चाचा ट्यूब घासतात तशा. मग सोल्यूशन लावलं. लग्नघरचं काम, म्हणून हात आखडता घेतला नाही. पट्ट्यांच्या खालून लावलं, वरून लावलं, उरलं ते फटींत भरलं.

"अहो, ते गळून राहिलं," विमल म्हणाली.

"गळू दे. पक्कं होईल."

आता पंक्चरचं ठिगळ चिकटवलं की ते दाबून ठेवावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण दाराच्या चारी बाजूंची पट्टी एकाच वेळी दाबायची कशी? इथं माझ्यातला शास्त्राचा मास्तर जागा झाला. दार बंद करायचं! दारानंच रबर दाबायचं! मी सेहरा आत ठेवला, दार लावलं आणि माझ्या मेव्हण्यानं विकायला आणून ठेवलेलं हळदीचं पोतं ढकलत नेऊन दाराला टेकवलं. लुगड्याचा काठ विमलला परत केला.

"बराबर झालं का?" तिनं विचारलं.

"आता या दारातून मुंगी जायची नाही."

हे मात्र मी अगदी खरं बोललो होतो.

सकाळी आठला पोतं बाजूला केलं आणि दार ओढलं. दार आलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पाय भिंतीला लावून ओढलं, तेव्हा मूठ आली. नुसतीच.

विमलनं उलथनं घातलं. ते वाकलं. मी शिकवण्याच्या सवयीनं फ्रीजला दोन चापट्याही मारल्या. बाहेर बँडवाले सूर लावत होते. वरात अकराला यायची होती.

इतक्यात नवीकोरी पांढरी शेरवानी घालून, डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा फाया, असे चाचा आले.

"आणा गुरुजी, सेहरा."

मी त्यांच्या हातात मूठ दिली.

चाचांनी मुठीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग वाकून फटीला बोट लावलं आणि वास घेतला.

"सोल्यूशन कुठं कुठं लावलं?"

"सगळीकडं."

"अन् पावडर मारली का?"

"कसली पावडर?"

चाचा मटकन खाली बसले. "या अल्ला! गुरुजी, ट्यूब टायरात घालायच्या आधी पावडर मारतात. न्हाई तर ट्यूब टायरालाच चिकटते! रोज माझ्या दुकानासमोरून जाता अन् नेमकी पावडरच न्हाई पाह्यली?"

ते बसले होते हळदीच्या पोत्यावर. उठले तेव्हा शेरवानीचा मागचा भाग गर्द पिवळा झाला होता. विमलनं पदरानं झटकायचा प्रयत्न केला, तशी ती हळद पार खांद्यापर्यंत पसरली.

"ऱ्हाऊ दे बेटी," चाचा दमून म्हणाले. "पेट्रोल आणा. सोल्यूशन पेट्रोलनंच सुटतं."

मी धावत दुकानातून पेट्रोलचा डबा आणि टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या आणल्या. फडकं भिजवून मी दाराला लावणार, तोच विमल किंचाळली, "आधी बटण बंद करा! सेहऱ्यासंगं आमालाबी जाळता का काय?"

मी बटण बंद केलं. मग मुलीचा बाप, भर लग्नाच्या सकाळी, शेरवानीत गुडघ्यांवर बसून ट्रकचं टायर उचकटावं तसा माझा फ्रीज उचकटायला लागला.

"आज तरी दुकान बंद ठेवीन म्हणलो व्हतो," ते पुटपुटले.

साडेदहाला दार सुटलं. पूर्णच सुटलं. बिजागऱ्यांसकट माझ्या अंगावर आलं! दाराखालून मी विचारलं, "सेहरा?"

मी दार बाजूला सारून पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या फ्रीजमधला गारवा बाहेर गेला नव्हता. सेहरा दगडासारखा कडक झाला होता. प्रत्येक कळीवर बर्फाची साय! पण एक पाकळीसुद्धा सुकली नव्हती.

"ताजा तर हाय," चाचा म्हणाले.

मेच्या उन्हात तो सेहरा नवरदेवाच्या कपाळाला बांधला गेला. क्षणात बर्फ वितळून गुडघ्यापर्यंत ओघळ सुरू झाले. काजीसाहेबांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा नवरदेवानं दात वाजवत 'कबूल' म्हटलं. मुलाची आई जवळ गेली, फुलांना हात लावून खूश झाली, आणि मग तिनं नाक वर केलं. मोगऱ्यातून पेट्रोलचा भपकारा येत होता!

चाचांनी भिंतीला पाठ लावली. (एरवीही ते सकाळपासून भिंतीला पाठ लावूनच वावरत होते.)

पण नवरदेव ट्रक ड्रायव्हर होता. त्यानं पडद्याआडून लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "अम्मी, बहुत अच्छी खुशबू है."

नसीमचा संसार उत्तम झाला. फ्रीजला दार पुन्हा बसलं नाही. मी त्यात शाळेच्या वह्या ठेवतो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चाचांनी दुकानातला पावडरीचा डबा मला आणून दिला होता. तो विमलनं जपून ठेवला आहे. घरात काही बिघडलं आणि मी पान्हा शोधायला उठलो की ती तो डबा माझ्या हातात देते.

"घ्या. तोंडाला लावा अन् पारावर जाऊन बसा."

मी लावतो आणि जाऊन बसतो. परत येईपर्यंत बिघडलेली वस्तू आपोआप सुरू झालेली असते.