मागच्या सीटवरचा ब्रेक

एकतीस वर्षं बस चालवली, पण एक मिनिट उशीर केला असेल तर शपथ! डेपोत त्यांचं खरं नाव सगळे विसरूनच गेले होते, सगळ्यांसाठी ते ‘टाइमटेबल’. सकाळची पहिली गाडी काढायला घराबाहेर पडायचे तेव्हा लेक झोपलेली असायची, आणि परत यायचे तेव्हाही झोपलेलीच. असं करता करता ती मोठी झाली, लग्न होऊन नऊ तासांच्या अंतरावर गेली. रिटायर झाल्यावर टाइमटेबलनी मनाशी पक्कं केलं, लेकीचं राहिलं ते नातवाच्या वेळी भरून काढायचं.

नातू आठ महिन्यांचा झाला आणि लेक त्याला घेऊन तीन आठवडे माहेरी आली. या पठ्ठ्याने काय करावं? आजोबांनी उचललं रे उचललं की भोकाड! खुळखुळा वाजवून झाला, चष्मा काढून झाला, मिशीला घाबरत असेल म्हणून मिशी काढण्यापर्यंत मजल गेली. काढलीसुद्धा हो! तर बिनमिशीचे आजोबा बघून ते दुप्पट रडलं.

तेही एक वेळ चाललं असतं. पण शेवटच्या दिवशी मायलेकांना न्यायला जावई आणि व्याही आले. व्याही म्हणजे शिंपी माणूस, चाळीस वर्षं पायमशीनवर बसून पाठीला बाक आलेला, बोलणं मोजकं. त्यांनी हात पुढे केले मात्र, कार्टं झेपावलंच! पाच मिनिटांत त्यांच्या मांडीवर गाढ. टाइमटेबल त्या रात्री नीट जेवले नाहीत. बायकोला वाटलं, पोट बिघडलं.

“अहो, रोज बघतं ते त्यांना,” ती म्हणाली.

“तीन आठवडे मलाही बघतंयच की! मी काय भिंतीवरचं घड्याळ आहे?”

“आहातच,” असं म्हणून ती झोपली.

पाहुण्यांनी परतीची बस ठरवली होती. टाइमटेबलनी ती रद्द करायला लावली. “घरची गाडी असताना बस कशाला? मी सोडतो.” बायकोचे गुडघे दुखत होते, ती घरीच राहिली. यांचा हिशेब सरळ होता. पुढची भेट वर्षाने. तोवर पोरगं चालेल, बोलेल, आणि हा म्हातारा कोण म्हणून विचारेल. तेव्हा या नऊ तासांत, एकदा, फक्त एकदा, ते आपल्या मांडीवर झोपलं पाहिजे. आता स्टिअरिंग धरलेल्या माणसाच्या मांडीवर नातू झोपणार कसा, हे काही त्यांना सुचलं नाही. गाडी म्हटली की ती आपणच चालवायची, यापलीकडे त्यांची अक्कल कधी गेलीच नव्हती.

जावई पुढे बसला. मागे लेक, व्याही आणि व्याह्यांच्या मांडीवर युवराज. बाळासाठी मुद्दाम आणलेल्या खुर्चीत दुधाच्या बाटल्यांची पिशवी ऐटीत बसली होती, कारण युवराजांना ती खुर्ची पसंत नव्हती.

“बाबा, जरा थांबता का? लंगोट बदलायचाय,” तासाभराने लेक म्हणाली.

“साडेदहाला थांबा आहे.”

“बाबा, त्याला कुठे माहितीये साडेदहा!”

थांबावं लागलं. मग पंधरा मिनिटांनी पुन्हा, मग पुन्हा. सारं वेळापत्रक कोलमडलं, पण टाइमटेबलना त्याचं तितकं वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. प्रत्येक थांब्यानंतर पोर रडत गाडीत यायचं आणि त्या शिंप्याच्या मांडीवर टेकलं की गप्प. ना गाणं, ना थोपटणं. हा माणूस करतो तरी काय? चेटूक?

त्यांनी आरसा जरा खाली वळवला. मग आणखी जरा. मागचा रस्ता आरशातून नाहीसा झाला आणि व्याह्यांचा तृप्त चेहरा दिसू लागला. काय भाव खातोय बघा! कडेला त्यांचे स्वतःचे डोळेही दिसत होते. हपापलेले, दुसऱ्याच्या ताटात बघणारे. त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

“बाबा!” जावई ओरडला.

पुढे ट्रक थांबलेला. टाइमटेबलनी करकचून ब्रेक दाबला. टक्कर हातभराने टळली. पिशवी उलटली, बाटल्या सीटखाली गडगडल्या. पोराला व्याह्यांनी छातीशी घट्ट धरलं होतं. कुणाला काही झालं नाही.

त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, आणि किल्ली जावयाच्या हातात दिली. “तू चालव. माझं लक्ष नव्हतं.” एकतीस वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

लेक पुढे गेली, ते मागे, व्याह्यांच्या शेजारी. मान खाली घालून बसले आणि त्यामुळेच त्यांना ते दिसलं. व्याह्यांचे पाय! दोन्ही पावलं एका लयीत वर-खाली, वर-खाली. मशीन नाही, कापड नाही, तरी शिवण चाललेली. मांडी त्या तालावर हलत होती आणि पोर झुलत होतं. आरशात चेहरे दिसतात हो, पाय कुठे दिसतात?

“व्याहीबुवा, पाय हलतायत तुमचे.”

“हो का?” व्याह्यांनी खाली पाहिलं आणि खुदकन हसले. “चाळीस वर्षांची खोड. घ्या, धरता का जरा? हात अवघडलाय.”

पोर मांडीवर आलं. त्याने या माणसाकडे पाहिलं, ओठ बाहेर काढला. झालं, आता सुरू! तेवढ्यात जावयाने वळणावर गाडी नको तितकी दामटली, आणि टाइमटेबलचा उजवा पाय आपसूक दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता, पण पायाला ते कोण सांगणार? पुढे सायकलवाला आला, पुन्हा पाय. जावई गाडी चालवत होता की जिवावर उठला होता देव जाणे, यांचा पाय थांबेचना. गुडघा वर, गुडघा खाली. पोराने एक जांभई दिली, यांचं बोट मुठीत धरलं आणि डोळे मिटले.

“चालू झालं की तुमचंही मशीन,” व्याही म्हणाले.

टाइमटेबल श्वास रोखून बसले. मग वर पाहिलं, तर लेक पुढच्या सीटवरून वळून बघत होती.

“बाबा, मला शेवटचं कधी झोपवलं होतं हो तुम्ही?”

ते आठवू लागले.

“तुला... तुला आई झोपवायची.”

“हो. तेच म्हणतेय,” ती हसली, पण नजर बाळावरून हलली नाही. त्या नजरेची त्यांना सकाळपासून चांगली ओळख झाली होती. आरशाच्या कडेला तीच होती.

ती पुढे वळली. त्यांनी सीटच्या बाजूने हात घालून तिच्या खांद्यावर ठेवला आणि पायाच्या तालावर थोपटू लागले. मोठी बाई ती, आई झालेली. पण तिने हात काढला नाही. थोड्या वेळाने तिची मान कलली.

घर आलं तेव्हा अंधार पडला होता. दारात विहीणबाई वाट बघत उभ्या होत्या. मागे मुठीत अजून बोट होतं, पुढे लेक शांत झोपलेली. जावयाने गाडी बंद करायला किल्लीकडे हात नेला.

“बंद करू नकोस,” टाइमटेबल हळूच म्हणाले. “एक फेरी मार.”

“बाबा, आधीच तीन तास उशीर झालाय.”

“होऊ दे,” ते म्हणाले.